फुटलेल्या दगडाचं बक्षीस : ल्युब्लियानाच्या छापचित्र प्रदर्शनाची सत्तर वर्षं

लिथोचा दगड छापताना फुटला तर काय करायचं? छपाईच्या धंद्यात याचं उत्तर एकच. हळहळायचं, दुसरा दगड घासून घ्यायचा आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून काढायला बसायचं. १९६३ साली अमेरिकेत एका चित्रकाराने हे उत्तर मानलं नाही. त्याने फुटलेला दगडच शाई लावून छापला. आणि त्याच वर्षी, तिकडून हजारो मैल लांब, युगोस्लाव्हियातल्या एका लहानशा शहराने त्या छापाला आपलं पहिलं बक्षीस दिलं. त्या शहराचं नाव ल्युब्लियाना. ते बक्षीस आजही चालू आहे आणि आजचा निबंध त्याच्याबद्दल आहे.

मंडळाच्या बैठकीत आपण एरवी बडोद्याबाहेर फारसे जात नाही. सयाजीराव, वाडे, मराठी शाळा, जुने छापखाने यांतच आपलं वर्ष निघून जातं. मग एकदम स्लोव्हेनिया कुठून आला, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. बडोदं हे छापचित्रांचं गाव आहे. इथे कुणाच्या ना कुणाच्या घरात फाइन आर्ट्सला शिकलेला मुलगा किंवा मुलगी असते, भिंतीवर एखादं एचिंग असतं, आणि पाहुणे आले की ठरलेला प्रश्न येतो : 'छान आहे हो, पण हे प्रिंट ना? मूळ चित्र कुठंय?' या प्रश्नाचं उत्तर देताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. ल्युब्लियानाचं बक्षीस म्हणजे याच प्रश्नाशी सत्तर वर्षं चाललेली झटापट आहे.

थोडं तंत्राबद्दल, म्हणजे पुढचं सोपं जाईल. लिथो म्हणजे आपली शिळाप्रेस. (शिळा म्हणजे दगड, शिळ्या भाकरीचा इथे संबंध नाही.) मराठी माणसाची तिच्याशी ओळख जुनी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापलं ते याच दगडी तंत्राच्या जोरावर. हे तंत्र काढलं म्युनिकच्या आलोइस झेनेफेल्डरने, अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी. तो मूळचा नाटककार, स्वतःची नाटकं स्वस्तात कशी छापता येतील या विवंचनेत होता. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, वर आम्ल आणि डिंकाचा हात फिरवायचा, मग दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. तेलाला शाई चिकटते, पाण्याला चिकटत नाही. वर कागद ठेवून दाबाखालून दगड सरकवला की झाला छाप. दगडात कोरीव काम काहीच नाही, सगळा खेळ तेल आणि पाण्याच्या वैराचा. चित्रकार ठरवून मोजक्याच प्रती काढतो, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही घालतो, आणि मग दगड घासून टाकतो. म्हणजे 'मूळ' असं जे होतं ते त्याने स्वतःच पुसलेलं असतं. उरतात त्या प्रती, आणि त्या सगळ्याच मूळ. पाहुण्याला द्यायचं उत्तर हे. पण ते त्याला पटत नाही, हा भाग वेगळा.

आता ल्युब्लियाना. १९५५ साली हे शहर युगोस्लाव्हियात होतं, स्लोव्हेनिया या घटक प्रजासत्ताकाची राजधानी म्हणून. युगोस्लाव्हिया कम्युनिस्ट खरा, पण १९४८ साली स्टालिनने त्याला आपल्या गोटातून बाहेर काढलं होतं. त्यामुळे टिटोंना दोन्ही दरवाजे किलकिले ठेवून मधल्या ओसरीवर बसावं लागत होतं. १९५४च्या डिसेंबरात ते भारतात आले, नेहरूंना भेटले. १९५६च्या जुलैत ब्रियोनी बेटावर नेहरू, नासेर आणि टिटो एकत्र बसले, आणि १९६१च्या सप्टेंबरात बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. आपल्या पिढीला हे सगळं शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. त्याच काळात, त्याच देशाच्या एका टोकाला, छापचित्रांच्या बक्षिसाने मूळ धरलं, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

तिथल्या मॉडर्ना गॅलेरिया या कलासंग्रहालयाचे संचालक होते झोरान क्रझिश्निक. जन्म १९२०चा, म्हणजे तेव्हा पस्तिशीचे. त्यांना जगातली नवी चित्रकला आपल्या शहरात आणायची होती. पैसे नव्हते. परकीय चलन तर नव्हतंच. पॅरिसहून तैलचित्रं मागवायची म्हणजे मोठ्या लाकडी पेट्या, विमा, जकातीचे कागद, प्रत्येकाच्या परवानग्या. छापचित्राचं तसं नाही. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलं किंवा नळीत गुंडाळलं की ते टपालाने येतं. एका प्रतीला काही झालं तर चित्रकाराचा जीव जात नाही, त्याच्याकडे आणखी प्रती असतात. विम्याची रक्कम बेताची. शिवाय पॅरिसमधले मोठे मोठे चित्रकार तेव्हा छापचित्रं करतच होते, आणि वेनो पिलोन, झोरान मुशिच यांच्यासारखी स्लोव्हेनियन माणसं त्या शहरात राहून त्या वर्तुळात वावरत होती.

मला या हिशेबीपणाचं फार कौतुक वाटतं. कलेच्या इतिहासात आपण प्रेरणा, दृष्टी, ध्येय असले शब्द फार वापरतो. इथे मुळाशी टपालखर्च आहे. गरीब देशाला श्रीमंतांच्या पंगतीत कसं बसता येईल, तर जी वस्तू जगभर स्वस्तात फिरते तिचंच प्रदर्शन भरवून. मोठ्या भावाच्या लग्नात सोनं देता येत नाही म्हणून धाकटा जसा आमंत्रणपत्रिका छापून देण्याचं आपल्याकडे घेतो, तसंच हे.

आणि शहरात छपाईची जाण असलेली माणसं होतीच. बोझिदार याकत्स हा स्लोव्हेनियाचा जुना, मान्यवर छापचित्रकार; १९४५ साली ल्युब्लियानाची कला अकादमी निघाली तेव्हा तो तिच्या संस्थापकांत होता. रिको देबेन्याक तिथे छापचित्र शिकवत होता. बाहेरून येणारं काम पाहायला, त्याच्याशी ताडून आपलं काम करायला हाताखाली विद्यार्थी तयार होते. पुढे यातूनच जी मंडळी निघाली त्यांना 'ल्युब्लियानाची छापशाळा' असं नाव पडलं. यानेझ बेर्निक हे त्यातलं ठळक नाव.

तर १९५५च्या उन्हाळ्यात एडवर्ड राव्निकरने बांधलेल्या मॉडर्ना गॅलेरियाच्या इमारतीत पहिलं आंतरराष्ट्रीय छापचित्र प्रदर्शन भरलं. दर दोन वर्षांनी भरवायचं, परदेशी परीक्षक बोलवायचे, बक्षिसं द्यायची, आणि आलेल्यांतली चित्रं संग्रहात ठेवायची, अशी ती योजना. छापचित्रांची अशी प्रदर्शनं आधी नव्हती असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला आणि अमेरिकेत सिनसिनाटीला १९५० साली सुरू झाली होती. पण ती पुढे बंद पडली. हे टिकलं.

बक्षिसांच्या याद्यांत मी फार शिरत नाही. नावांची माळ वाचून दाखवली की बैठकीत मागच्या रांगेत डुलक्या सुरू होतात, हा अनुभव आहे. पण १९५९चं एक नाव घ्यायलाच हवं : पिएर सुलाज, काळ्या रंगाचा फ्रेंच चित्रकार. त्या वर्षीचं मोठं बक्षीस त्याला मिळालं. सुलाज पॅरिसच्या लाकुरिएरच्या कारखान्यात एचिंग करत असे. एचिंगमध्ये तांब्याचा पत्रा आम्लात ठेवतात; आम्ल जिथे खातं तिथे खळगा पडतो, खळग्यात शाई बसते. खोल काळा हवा तर जास्त वेळ ठेवायचं. १९५७च्या सुमारास सुलाजने पत्रा इतका वेळ ठेवला की आम्लाने तो आरपार खाल्ला. पत्र्याला भोक पडलं. कुठल्याही उस्तादाने कान धरला असता. सुलाजने छाप काढून पाहिला, तर जिथे सगळ्यात गडद काळा यायचा तिथे कागदाचा लख्ख पांढरा आला होता, आणि पत्र्याची चौकट मोडून चित्राला स्वतःचा आकार मिळाला होता. पुढे तो मुद्दामच पत्रे असे खाऊ देऊ लागला.

म्हणजे १९६३ सालच्या फुटक्या दगडाला एक थोरला भाऊ होता. हे लक्षात ठेवून आता तिकडे जाऊ.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वेस्ट आयस्लिप नावाचं गाव आहे. तिथे एका छोट्या घरात तात्याना ग्रॉसमन ही बाई राहत असे. जन्म रशियातला, १९०४चा. युद्धात युरोपातून पळून ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली. नवरा आजारी पडला, पोटापाण्यासाठी काहीतरी करायला हवं, म्हणून तिने १९५७ साली घरातच चित्रकारांकडून छापचित्रं करून घेण्याचा उद्योग काढला. दगड कुठून आणले? दोन दगड तर तिच्या घरापुढच्या पायवाटेतच फरसबंदी म्हणून बसवलेले सापडले. कुणीतरी जुन्या छापखान्यातले आणून टाकले असणार. मला ही गोष्ट कितीही वेळा आठवली तरी हसू येतं, कारण आपल्याकडे जुने पाटे-वरवंटे असेच परसात पायरी म्हणून पडलेले असतात.

रॉबर्ट राउशेनबर्ग तिच्याकडे १९६२ साली पहिल्यांदा आला, आणि तोही कुरकुरतच. विसाव्या शतकाचं अर्धं उलटून गेल्यावर दगडावर काय खरडत बसायचं, असा त्याचा सूर होता. १९६३ साली तो एका मोठ्या दगडावर काम करत होता. नमुन्याचे छाप काढताना दगड दाबाखाली फुटला. दुसऱ्या दगडावर काम पुन्हा उभं केलं. तोही फुटला. एकदा फुटला तर योगायोग, दोनदा फुटल्यावर आपल्याकडे नारळ फोडून दृष्ट काढली असती. राउशेनबर्गने वेगळं ठरवलं : फुटलेले दोन तुकडे एकमेकांजवळ ठेवून तसेच छापायचे. चित्राच्या मधून तिरपी पांढरी भेग गेली, आणि तळाशी उडालेल्या ढलप्यांचे छाप आले. छापाचं नाव ठेवलं 'अॅक्सिडेंट', अपघात. प्रती काढल्या २९.

तो छाप ल्युब्लियानाच्या पाचव्या प्रदर्शनात गेला आणि पहिला आला.

हा निर्णय किती धीराचा होता हे समजायला त्या वर्षाची हवा पाहावी लागते. १९६२च्या डिसेंबरात मॉस्कोतल्या एका प्रदर्शनात ख्रुश्चेव्ह नव्या चित्रकारांवर जाहीरपणे भडकले होते. त्याच हिवाळ्यात टिटोंनीही अमूर्त चित्रकलेवर तोफ डागली. युगोस्लाव्हिया मोकळा देश म्हणून ओळखला जात होता, पण राष्ट्राध्यक्ष स्वतः बोलले की खालची यंत्रणा ताठ होते, हे आपल्याला काय सांगायला हवं? आणि त्या उन्हाळ्यात, त्याच देशात, पहिलं बक्षीस मिळतं एका अमेरिकन माणसाला. ज्यात वर्तमानपत्री फोटोंचे तुकडे आणि फराटे आहेत आणि मधून भेग गेलेली आहे अशा कागदाला! मॉस्कोत हे घडलं नसतं. छापचित्र हा प्रकार थोडा बाजूचा, हस्तव्यवसायाच्या पंगतीतला समजला जातो, म्हणून त्याच्याकडे कमी लक्ष गेलं असावं, असं मला वाटतं. घरातल्या मुख्य बैठकीत जे बोलता येत नाही ते माजघरात बोलता येतं. पुढच्या वर्षी, १९६४ साली, व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात राउशेनबर्गला चित्रकलेचं मोठं बक्षीस मिळालं आणि युरोपभर गदारोळ झाला. सगळी पुस्तकं व्हेनिसपासून सुरू होतात. ल्युब्लियाना एक वर्ष आधी पोचलेली होती.

इथे आपल्या बाजूची एक जोड आहे आणि ती मला सोडवत नाही. हाच राउशेनबर्ग १९७५ साली अहमदाबादला आला. साराभाई कुटुंबाने बोलावलं होतं. बडोद्याहून दीड-दोन तासांच्या वाटेवर, गांधी आश्रमाच्या कागदशाळेत बसून त्याने हातकागदाच्या लगद्यात बांबू आणि रंगीत कापड घालून कामं केली. आणि दुसऱ्या मालिकेत चिखल वापरला : कागदाचा लगदा, चिंचोक्यांची पूड, मेथी, खडूची पूड असं सगळं मिसळून केलेला, आपल्याकडच्या गावांत भिंती लिंपतात त्या जातीचा. दगडाच्या भेगेपासून निघालेला माणूस बारा वर्षांनी मेथीच्या चिखलापर्यंत आला. लिंपणात मेथी कशाला हे त्याला कुणी समजावलं कोण जाणे, पण आमच्या आजीला त्याने नक्की पटवलं असतं.

दुसरी जोड बडोद्याचीच. ज्योती भट्ट हे बडोद्याचे विद्यार्थी, इंदूरहून आलेल्या नारायण श्रीधर बेंद्र्यांच्या हाताखाली शिकलेले. १९६४ ते ६६ या काळात ते न्यूयॉर्कला प्रॅट संस्थेत आणि तिच्या छापचित्र केंद्रात होते. ग्रॉसमनबाईंसारख्यांच्या कारखान्यांमुळे अमेरिकेत छापचित्राला नुकती जी तरतरी आली होती ती त्यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिली. परत येऊन त्यांनी बडोद्यात एचिंग-इंटॅग्लिओची जी परंपरा उभी केली ती आपण सगळे जाणतोच. १९९९ साली गुलाम मोहम्मद शेख, विजय बागोडी आणि कविता शाह यांनी 'छाप' ही कार्यशाळा काढली, तीही याच मातीत. १९६३ला ल्युब्लियानात जे मान्य झालं ते एका पत्राने बडोद्यात आलं नाही. पण त्या दशकात छापचित्राची किंमत जगभर जी वाढली तिच्यात बडोद्याचाही वाटा निघाला.

ल्युब्लियानाच्या पाठोपाठ अशी प्रदर्शनं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. टोकियोचं १९५७ला निघून १९७९ला थांबलं. पोलंडमधल्या क्राकोवचं १९६६चं, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं १९६८चं (तेही १९९०नंतर संपलं), नॉर्वेतल्या फ्रेड्रिकस्टाडचं १९७२चं. आपल्याकडे भोपाळच्या भारत भवनाने १९८९ साली आंतरराष्ट्रीय छापचित्र प्रदर्शन सुरू केलं. गंमत पाहा, यांतली बरीचशी गावं राजधान्या नाहीत, आणि टोकियो सोडलं तर ज्या आहेत त्या लहान. मोठ्या शहरांना तैलचित्रं परवडतात.

१९८६ साली ल्युब्लियानात या प्रदर्शनासाठी स्वतंत्र संस्था झाली आणि तिला तिवोली बागेतला वाडा मिळाला. हा वाडा एकेकाळी ऑस्ट्रियाच्या फील्ड मार्शल राडेट्झकीचा. सम्राट फ्रान्झ योझेफने त्याला १८५२ साली दिलेला. दारात चार ओतीव लोखंडी कुत्रे बसवलेले आहेत, आन्टोन फेर्नकोर्न या शिल्पकाराने केलेले. त्यांच्या तोंडात जिभा नाहीत. गावात दंतकथा अशी की जिभा करायच्या राहिल्या हे लक्षात आल्यावर शिल्पकाराने स्वतःला गोळी घातली. तसं काही घडलेलं नाही. पण ज्या संस्थेने भोक पडलेल्या पत्र्याच्या उस्तादाला आणि फुटलेल्या दगडाला डोक्यावर घेतलं, तिच्या दारात एका विसरलेल्या जिभेपायी जीव देणाऱ्या कारागिराची कथा सांगितली जावी, हे मला तरी फार बोलकं वाटतं.

मग १९९१ आलं. २५ जूनला स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, दोन दिवसांत रणगाडे आले, दहा दिवस लढाई झाली, आणि ७ जुलैला तह झाला तो ब्रियोनी बेटावर. तेच बेट, जिथे ३५ वर्षांपूर्वी नेहरू-नासेर-टिटो बसले होते. ज्या देशाने हे प्रदर्शन सुरू केलं तो देशच नकाशावरून निघाला. प्रदर्शनाचे क्रमांक मात्र तुटले नाहीत. १९५५ पहिलं, १९९१ एकोणिसावं, २०२१ चौतिसावं. दोन-दोन वर्षांचा हिशेब बरोबर लागतो. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळांची शताब्दी मोजताना मधली किती वर्षं 'गृहीत' धरलेली असतात हे आठवलं की या हिशेबाची किंमत कळते.

पण देश बदलला तशी मूळ अडचणही उलटी झाली. पूर्वी छापचित्र टपालाने येतं हे त्याचं बळ होतं. आता चित्र संगणकावरून क्षणात येतं. प्रत काढणं ही गोष्ट प्रत्येकाच्या खिशात आली. मग दगड, पत्रा, लाकूड यांचं काय करायचं? दोन वाटा होत्या. एक, तंत्र जपायचं, अमुक पद्धतीने केलं तरच छापचित्र, असा सोवळ्याचा नियम घालायचा. दुसरी, छाप म्हणजे काय याचाच अर्थ सैल सोडायचा. २००० नंतर ल्युब्लियानाने दुसरी वाट घेतली. पुस्तकं, वर्तमानपत्रं, पोस्टकार्डं, चित्रफिती, सगळं आत आलं. मोठ्या बक्षिसाचं स्वरूपही बदललं : जिंकणाऱ्याला पुढच्या खेपेला स्वतंत्र प्रदर्शन मिळतं.

२०११ सालच्या एकोणतिसाव्या प्रदर्शनात मोठं बक्षीस मिळालं ग्वातेमालाच्या रेहिना होसे गालिंदो हिला. ती छापचित्रकार नाहीच. स्वतःच्या शरीरावर, लोकांसमोर, प्रसंग घडवणारी कलावंत आहे ती. खरं सांगतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वैतागलो. दगड घासून घासून ज्यांच्या खांद्यांचे तुकडे पडतात त्या मुलांनी कुठे जायचं? त्यांच्यासाठी जगात बक्षिसं तरी किती आहेत, आणि त्यातलं सगळ्यात जुनं तुम्ही असं भलत्याला देऊन टाकता?

मग तिचं २००३ सालचं एक काम कळलं. ग्वातेमालात एका जुन्या हुकूमशहाला निवडणुकीला उभं राहायची परवानगी मिळाली होती. त्याच्या राजवटीत गावंच्या गावं मारली गेली होती. गालिंदो माणसाच्या रक्ताने भरलेलं घमेलं हातात घेऊन, अनवाणी, न्यायालयापासून राष्ट्रीय राजवाड्यापर्यंत चालत गेली. दर थोड्या अंतरावर पाय रक्तात बुडवायचे आणि पुढचं पाऊल टाकायचं. मागे रस्त्यावर पावलांची रांग. आपल्याकडे नवी सून कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून घरात येते, तशीच पावलं. फक्त रंग कशाचा ते वेगळं. ल्युब्लियानाने बक्षीस याच कामाला दिलं असं मी म्हणत नाही. पण याला छाप म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, हे मला स्वतःला सांगता येईना. वैताग पूर्ण गेला नाही, निम्मा गेला.

उरलेला निम्मा २०१३ साली गेला. तिसाव्या प्रदर्शनाचं मोठं बक्षीस मारिया एलेना गोन्सालेसला मिळालं. जन्म हवानाचा, राहणं अमेरिकेत. मेन राज्यातल्या रानात तिला भूर्जाची पडलेली झाडं दिसली. भूर्ज म्हणजे आपल्या जुन्या पोथ्यांच्या भूर्जपत्राचंच कुळ. त्या पांढऱ्या सालीवर आडव्या काळ्या रेघा असतात. तिला त्या जुन्या आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळीसारख्या वाटल्या. त्या पियानोत भोकं पाडलेला कागद फिरतो, भोक आलं की तो सूर वाजतो. तिने साल सोलून सपाट केली, तिची नक्कल संगणकावर उतरवली, रेघांच्या जागी भोकं पाडून तशी गुंडाळी तयार केली आणि पियानोवर चढवली. झाड वाजलं. बाई ना संगीतकार, ना तिने सूर निवडले, झाडाने निवडले. लाकडी ठशाच्या छपाईत लाकडाची शिर उमटते तो दोष मानायचा की गुण, यावर छापचित्रकार पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलेत. इथे शिरच सगळं होऊन बसली. २०१५ साली ठरल्याप्रमाणे तिवोलीत तिचं स्वतंत्र प्रदर्शन झालं.

२०२३च्या पस्तिसाव्या प्रदर्शनाची सूत्रं घानाच्या इब्राहिम महामाकडे होती. घाना म्हणजे एन्क्रुमांचा देश, टिटो-नेहरूंच्या मांडवातला तिसरा पाहुणा. मांडव कधीच उठला, यजमानाचं घरही राहिलं नाही, पण पाहुण्याचा नातू येऊन घरातली भांडी लावतोय, असं काहीसं ते दृश्य.

हे सगळं मी गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एका मुलीला सांगत होतो. ती लिथो शिकते. समोर दगड, त्यावर दुसरा दगड पालथा, मध्ये वाळू आणि पाणी, आणि ती आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत घासत होती. दर चित्रामागे दगड एक थर झिजतो, पातळ होतो, आणि पातळ दगड दाबाखाली लवकर जातो. म्हणून त्याला खालून दुसऱ्या फरशीचा टेका चिकटवतात. तिच्या दगडालाही तसा टेका होता. मी मोठ्या उत्साहाने तिला राउशेनबर्गच्या भेगेची गोष्ट सांगितली, २९ प्रती, पहिलं बक्षीस, सगळं.

ती हात न थांबवता म्हणाली, 'काका, आमचा फुटला तर भरून द्यावा लागतो.'